हौशी मासेमारीचे नियम आणि स्वयंसेवक : अधिकार किती द्यावेत, काम कसं बांधावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मत्स्य विभागाकडे अधिकारी मोजके आहेत, नद्या आणि किनारा लांबच लांब आहे, आणि गळकऱ्यांच्या संघटनेतले पंचवीस-तीस जण विनामोबदला काम करायला तयार आहेत. त्यांना नियमांच्या अंमलबजावणीत घ्यावं का? घेतलं तर परवाने तपासायचा, मासे जप्त करायचा अधिकार द्यावा का? आणि सुरुवात कुठून करावी?

घ्यावं. पण भरतीचं आवाहन करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. शनिवारी रात्री साडेनऊला स्वयंसेवकाने फोन केला, तर तो कोण उचलणार आणि उचलल्यावर कोण निघणार? याचं उत्तर नावानिशी आणि वेळापत्रकासह देता येत नसेल, तर कार्यक्रम अजून सुरू करू नका. असे उपक्रम बंद पडतात ते बहुतेक वेळा उत्साह कमी पडला म्हणून नव्हे. लोक कळवत राहतात, पुढे काहीच घडत नाही, आणि तीन-चार महिन्यांत फोन यायचे थांबतात. त्याहून वाईट म्हणजे किनाऱ्यावर सगळ्यांना कळून चुकतं की हे लोक पाहतात, पण त्यांच्यामागे कोणी नाही. मग आधी होता तो धाकही जातो. नियम मोडणाऱ्याला दंड किती आहे यापेक्षा आपण सापडू का, या शंकेचा वचक जास्त असतो. स्वयंसेवक ही शंका वाढवू शकतो, पण त्याच्या फोननंतर अधिकारी खरोखर येतो हे लोकांनी अधूनमधून पाहिलेलं असलं तरच.

अधिकारांच्या बाबतीत जगात मुख्यतः तीन पद्धती दिसतात.

पहिल्या पद्धतीत स्वयंसेवक फक्त समजावतो आणि माहितीपत्रकं, मोजपट्ट्या वाटतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचे फिशकेअर स्वयंसेवक असं काम करतात. त्यांना तपासणीचा अधिकार नाही. दुसऱ्या पद्धतीत तो पाहतो, नोंदवतो आणि कळवतो. इंग्लंडमध्ये एन्व्हायर्नमेंट एजन्सी ही सरकारी संस्था आणि अँगलिंग ट्रस्ट ही गळकऱ्यांची संघटना यांनी २०१२ मध्ये देशाच्या आग्नेय भागात प्रायोगिक तत्त्वावर स्वयंसेवी बेलिफ (मासेमारीवर नजर ठेवणारे) सेवा सुरू केली आणि नंतर ती इतर भागांत नेली. तिचा गाभा हाच आहे. कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरही सरकारी मत्स्य विभाग नागरिकांना ‘पाहा, नोंदवा, कळवा’ एवढंच सांगतो. तिसऱ्या पद्धतीत स्वयंसेवकाला कायद्याने नेमलेला अधिकारी करतात. न्यूझीलंडमध्ये १९९६ च्या मत्स्य कायद्याखाली मानद मत्स्य अधिकारी नेमले जातात. त्यांना पगार नसतो, पण गणवेश आणि नेमणूकपत्र असतं, आणि हौशी मासेमारी करणाऱ्यांचे मासे-शिंपले तपासायचा अधिकार असतो. तिथेच गोड्या पाण्यातल्या ट्राउट-सामनसाठी फिश अँड गेम मंडळांचे मानद रेंजर परवाना मागू शकतात.

नवा कार्यक्रम दुसऱ्या पद्धतीने सुरू करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं वर्ष तर नक्कीच. अधिकार दिला की त्याच्यामागून जबाबदारी येते: शपथेवर साक्ष, जप्त माल कोणाकडून कोणाकडे गेला याची अखंड नोंद, तक्रारींची चौकशी, विमा, आणि हे सगळं पेलू शकेल असा अधिकाऱ्यांचा संच. शिवाय स्वयंसेवकाने अधिकाराबाहेर एक पाऊल टाकलं, म्हणजे परवानगी न घेता कोणाचा आइसबॉक्स उघडला किंवा निघालेल्या माणसाची वाट अडवली, तर ते प्रकरण कोर्टात लंगडं पडू शकतं आणि उलट त्याच्यावरच तक्रार होऊ शकते. ज्यांनी वर्षभर नीट अहवाल दिले, त्यांच्यातून निवडून काहींना पुढे नेमणूक द्यावी. अर्ज भरतानाच ‘ओळखपत्र कधी मिळेल?’ असं विचारणाऱ्या माणसाला मी शेवटच्या रांगेत ठेवीन.

आता प्रत्यक्ष किनाऱ्यावर काय करायचं ते. अधिकार नसलेल्या स्वयंसेवकाचं पहिलं वाक्य फार महत्त्वाचं असतं. ‘तपासणी आहे, दाखवा’ हे वाक्य त्याच्या तोंडी येताच कामा नये. ‘नमस्कार, मी मत्स्य विभागाचा स्वयंसेवक. आज काय लागतंय?’ इथून सुरुवात होते. समोरचा बोलता झाला की, ‘मोजपट्टी आहे का तुमच्याकडे? नसेल तर ही ठेवा. किमान मापाची खूण केलेली आहे.’ मग हवं तर, ‘बघू का काय मिळालंय ते?’ तो नाही म्हणाला तर विषय तिथेच संपला. नकार देणं हा गुन्हा नाही, आणि नकार दिला म्हणजे काहीतरी लपवतोय असंही अहवालात लिहायचं नाही. बोलताना त्याच्या आणि वाटेच्या मध्ये उभं राहू नये; बाजूला, दोन हात अंतर ठेवून उभं राहावं. गळकऱ्याच्या हाताशी बहुतेक वेळा सुरी असतेच. ती असणं संशयास्पद नाही, पण ती कुठे आहे याचं भान हवं.

सापडणाऱ्या गोष्टींपैकी मोठा भाग अज्ञानातून आलेला असतो. मापात न बसणारा मासा जिवंत असेल तर बोलणं नंतर, आधी तो पाण्यात. ओल्या हाताने धरायचा, कल्ल्यात बोट घालायचं नाही, कोरड्या दगडावर किंवा वाळूवर टेकवायचा नाही. मोजण्याच्या नादात मासा मेला तर किमान मापाचा नियम ज्यासाठी आहे तेच हातचं जातं.

मोजमापात सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून प्रशिक्षणातला मोठा वाटा इथेच खर्च करा. माशाची लांबी मोजायच्या दोन रीती आहेत: तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, किंवा शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत. कोणत्या प्रजातीला कोणती लागू हे नियमात लिहिलेलं असतं, आणि खोल खाचेच्या शेपटीत फरक काही सेंटिमीटरचा पडतो. मासा सपाट पट्टीवर, तोंड मिटलेलं, नाक टोकाच्या आडव्या फळीला टेकलेलं, अशा स्थितीत मोजायचा. अंगावरून टेप फिरवला की पोटाच्या फुगवट्यामुळे माप वाढतं आणि लहान मासा ‘बसतो’. न्यूझीलंडच्या पाऊआ या अबालोनचं (खडकाला चिकटून राहणाऱ्या मोठ्या शिंपल्याचं) किमान माप साधारणपणे १२५ मिलिमीटर आहे, ते शिंपल्याच्या सर्वांत लांब व्यासावर सरळ रेषेत. शिंपला वाकडा असल्याने टेप लावणारा हमखास चुकतो. त्यासाठी दोन जबड्यांचं ठरावीक मापाचं गेजच हवं.

शेवंडीचं उदाहरण तर प्रशिक्षणात प्रत्येकाच्या हातात देऊनच शिकवावं. न्यूझीलंडमध्ये हौशी लोकांनी पकडलेल्या लाल शेवंडीचं माप लांबीवर नसून शेपटीच्या रुंदीवर आहे: नराला ५४ मिलिमीटर, मादीला ६०. माप शेपटीच्या दुसऱ्या खंडावरच्या दोन मोठ्या काट्यांच्या टोकांमध्ये, सरळ रेषेत घ्यायचं. म्हणजे आधी नर-मादी ओळखता यायला हवं. शेवंड उताणी करा आणि मागच्या, शेवटच्या चालण्याच्या पायांची टोकं पाहा. मादीच्या त्या पायांना टोकाशी बारीक चिमटा असतो, नराचं टोक साधं असतं. शेपटीखालचे पोहण्याचे पापुद्रेही मादीत मोठे आणि दुहेरी असतात, कारण अंडी तिथे चिकटतात. अंडी असलेली मादी कितीही मोठी असली तरी सोडायची. पापुद्र्यांवर खरवडल्याच्या खुणा, तुटलेल्या कडा किंवा उरलेले अंड्यांचे पुंजके दिसले, तर अंडी काढून टाकल्याची शक्यता असते. स्वयंसेवकाने तिथे निष्कर्ष काढू नये. मोजपट्टी शेजारी ठेवून, उजेडाची दिशा बदलून दोन फोटो घ्यावेत, तेही समोरच्याने हरकत घेतली नाही तर, आणि अधिकाऱ्याला कळवावं.

ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांत हौशी लोकांनी पकडलेल्या शेवंडीच्या शेपटीचा पंखा कापणं किंवा त्याला भोक पाडणं सक्तीचं आहे. उद्देश एवढाच की ती पुढे हॉटेलात विक्रीला आली तर ओळखू यावी. हौशी परवान्याआडून होणारी विक्री हा छोट्या मापाच्या माशापेक्षा कितीतरी गंभीर प्रकार असतो, आणि स्वयंसेवकाला खुणा माहीत असतील तर त्याच्या नजरेतून तो सुटत नाही. तीच टोळी रोज येते, माल तीन-चार खेपांनी गाडीत जातो, गाडी बदलते, मासे घरी खाण्याच्या मानाने फारच व्यवस्थित बर्फात रचलेले असतात. अशा वेळी स्वयंसेवकाने जवळ जायचंच नाही. लांबून नोंद घ्यायची आणि निघायचं.

संख्येच्या मर्यादेत नेहमीचा घोळ एकाच बादलीचा. चौघे जण एका बादलीत टाकतात, दोघं आधीच घरी गेलेले असतात, आणि उरलेले म्हणतात, ‘चौघांचे आहेत.’ मर्यादा बहुतेक ठिकाणी माणशी असते. मोजायच्या आधी विचारा: यातले तुमचे कोणते? उत्तर तिथल्या तिथे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मोजून झाल्यावर विचारलं की उत्तर गणिताला जुळवून येतं. काप केलेल्या माशांचं माप आणि संख्या दोन्ही सांगता येत नाहीत, म्हणूनच अनेक ठिकाणी किनाऱ्याला लागेपर्यंत मासा अख्खा ठेवायचा नियम असतो. स्वयंसेवकाने होड्या परत येतात त्या धक्क्यावर असावं, याचं हे एक कारण.

कायदेशीर गोष्ट बेकायदा समजण्याची चूकही तितकीच सांभाळायला हवी. इंग्लंडच्या नद्यांमध्ये ट्राउट-सामनखेरीज इतर गोड्या पाण्यातल्या माशांसाठी १५ मार्च ते १५ जून बंदी असते. पण एप्रिलमध्ये नदीवर काठी घेऊन उभा असलेला माणूस ट्राउटसाठीही आलेला असू शकतो. आमिष कोणतं, गळ कसा टाकतोय, हे पाहिल्याशिवाय कळवणं म्हणजे अधिकाऱ्याची फेरी वाया घालवणं. तेरा वर्षांखालच्या मुलाला तिथे परवाना लागतच नाही. न्यूझीलंडमध्ये १९९८ च्या कायमोआना नियमांखाली माओरी या मूळ रहिवासी समाजाचे काइतिआकी, म्हणजे त्या भागातल्या मासेमारीचे नेमलेले राखणदार, पारंपरिक उपयोगासाठी, अंत्यविधीच्या भोजनासाठी वगैरे, परवानगी देतात. त्या परवानगीपत्रावर घेतलेला माल हौशी मर्यादेपेक्षा बराच जास्त असला तरी कायदेशीर असतो. ढीग पाहून आवाज चढवणारा स्वयंसेवक तिथे एका दिवसात काही वर्षांचा विश्वास घालवतो.

अहवाल कसा लिहावा, यावर मी सर्वांत जास्त भर देईन, कारण स्वयंसेवकाचं काम शेवटी कागदावरच उरतं. ‘काल रात्री पुलाजवळ तिघं बेकायदा जाळं लावत होते’ या वाक्यातून काहीही होत नाही. हेच असं लिहिता येतं: ‘रात्री ९:४० ते ९:५५. मी पुलाच्या उजव्या काठावर, ते समोरच्या काठावर, अंतर अंदाजे ४० मीटर. पुलावरच्या दिव्याचा उजेड, मध्ये झाडी नाही. तिघे पुरुष. एकाच्या अंगात पिवळं जाकीट. दोघांनी पाण्यात जाऊन दोर सोडला, त्याला ठरावीक अंतरावर पांढरे तरंगे होते. मला जाळं स्वतः दिसलं नाही.’ शेवटचं वाक्य या अहवालाला वजन देतं. जे दिसलं ते आणि जे वाटलं ते यांत लिहिणाऱ्याने फरक केलाय, हे वाचणाऱ्याला कळतं.

ब्रिटनमध्ये १९७६ च्या टर्नबुल निकालानंतर ओळख पटवण्याच्या साक्षीत पोलीस आठ गोष्टी तपासतात, आणि स्वयंसेवकाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्या छापून चिकटवाव्यात अशा आहेत: किती वेळ पाहिलं, किती अंतरावरून, उजेड-हवामान कसं होतं, मध्ये काही आडवं येत होतं का, माणूस आधी ओळखीचा होता का, लक्षात राहण्याचं काही खास कारण होतं का, पाहणं आणि लिहिणं यांत किती वेळ गेला, आणि पहिल्या वर्णनात व नंतरच्या माहितीत काही तफावत आहे का. वही बांधीव असावी, पानांना क्रमांक असावेत. चूक झाली तर एकच रेघ मारून बाजूला सही करायची. पान फाडायचं नाही. नोंद त्याच जागी, नाही जमलं तर गाडीत बसून लगेच करावी. घरी जाऊन दोघांनी मिळून ‘एकमताने’ लिहिलेला अहवाल उलटतपासणीत टिकत नाही. जोडीतल्या प्रत्येकाने आपली नोंद स्वतंत्र लिहावी. मूळ फोटो फोनमधून पुसू नये, आणि गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात टाकू नये. त्यातून माणसाची बदनामी होते आणि पुरावाही नासतो.

एक कायदेशीर खड्डा बऱ्याच संघटनांच्या लक्षात येत नाही. स्वयंसेवक फिरता फिरता काही पाहतो ती गोष्ट वेगळी. पण विभागाने त्याला ‘या माणसावर पुढचे दोन आठवडे लपून नजर ठेव’ असं सांगितलं, तर ब्रिटनसारख्या देशात ती २००० च्या तपास-अधिकार कायद्याखालची गुप्त पाळत ठरू शकते आणि तिला आधी लेखी मंजुरी लागते. एखाद्या टोळीशी मैत्री करून माहिती काढायला सांगणं तर आणखी गंभीर, कारण तो मग गुप्त खबऱ्या होतो. तुमच्या देशातला कायदा वकिलाकडून समजून घ्या आणि समन्वयकांना एक ओळ पाठ करायला लावा: जागा आणि वेळ सांगायची, माणूस सांगायचा नाही. ड्रोन, झाडाला बांधलेले कॅमेरे, गाडीचा पाठलाग हे सगळं बंद.

गस्तीचं नियोजन भरती-ओहोटी आणि सुट्ट्या पाहून करावं. शिंपल्यांसाठी ओहोटीच्या तळाच्या आधी-नंतर दीड-दोन तास, धक्क्यांवर संध्याकाळी होड्या परतायच्या वेळी, नदीवर बंदीकाळाचा पहिला आणि शेवटचा आठवडा. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या रो अबालोनची मासेमारी उन्हाळ्यातल्या मोजक्या सकाळी फक्त सात ते आठ या एका तासात खुली असते. माणशी १५ नग, किमान माप ६० मिलिमीटर. इतकी माणसं एकाच वेळी खडकांवर उतरतात तेव्हा अधिकारी कितीही असले तरी कमीच पडतात. अशा प्रसंगी समजावणारे, मापाचं गेज हातात देणारे आणि लाटांचा धोका सांगणारे स्वयंसेवक खरोखर उपयोगी पडतात.

गस्त नेहमी दोघांची. निघताना आणि परतल्यावर समन्वयकाला संदेश, ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात संदेश आला नाही तर फोन, तोही लागला नाही तर कोणाला कळवायचं हे आधीच लिहिलेलं असावं. अंधार पडल्यावर कोणाजवळ जायचं नाही. दारू, चढा आवाज, आपल्या गाडीचा कोणी काढत असलेला फोटो, यातलं काहीही दिसलं की निघायचं. माघार घेतलेल्या प्रसंगाचाही अहवाल लिहायचा, आणि समन्वयकाने तो वाचून ‘बरोबर केलं’ असं सांगायचं. हे सांगितलं नाही तर पुढच्या वेळी तोच माणूस ताणून धरतो.

जमलेल्या आकड्यांचा अर्थ लावताना सावध राहा. संशय आला तिथेच विचारपूस केली, तर शंभरात वीस उल्लंघनं सापडतील, आणि त्यावरून ‘वीस टक्के लोक नियम मोडतात’ असं कोणीतरी वर्तमानपत्राला सांगून मोकळा होईल. प्रमाण काढायचं असेल तर त्यासाठी वेगळ्या गस्ती ठेवा: जागा आणि वेळ चिठ्ठी टाकून ठरवायची आणि भेटेल त्या प्रत्येकाशी, किंवा मोजून दर तिसऱ्याशी बोलायचं. नकार किती आले तेही नोंदवायचं. शून्य उल्लंघन म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. निवड खरोखर चिठ्ठीने झाली असेल आणि ६० जणांत एकही सापडला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरं प्रमाण सुमारे पाच टक्क्यांच्या आत असावं. तीनला संख्येने भागलं की ही वरची मर्यादा मिळते. म्हणजे एक टक्क्याबद्दल बोलायचं तर तीनशे जणांशी बोलावं लागेल.

पक्षपाताकडे समन्वयकाने दर तिमाहीला डोळे उघडे ठेवून पाहावं. एकाच स्वयंसेवकाच्या अहवालांत पुन्हा पुन्हा एकाच क्लबची किंवा एकाच समाजाची माणसं येतात का? स्थलांतरित लोकांच्या बाबतीत हे फार सहज घडतं: भाषा येत नाही, फलक वाचता येत नाही, म्हणून तेच सापडतात, आणि सापडतात म्हणून पुन्हा तिथेच गस्त जाते. नियमपत्रक त्यांच्या भाषेत छापणं आणि त्याच समाजातले दोन-तीन स्वयंसेवक घेणं, यावर खर्च आधी करा. प्रत्येकाला स्वतःच्या नेहमीच्या जागेऐवजी शेजारच्या टप्प्यात गस्त द्यावी. गस्तीच्या दिवशी स्वतः गळ टाकायचा नाही, हा नियम लेखी असावा.

निवडीत पार्श्वभूमीची पडताळणी आणि दोन संदर्भ घ्या. मत्स्य गुन्ह्यात दंड झालेला माणूस नको. एक दिवस नियम आणि अधिकारांच्या मर्यादा, एक दिवस ओळख आणि मोजमाप, अर्धा दिवस संवाद, अर्धा दिवस अहवाललेखन, आणि मग अधिकाऱ्याबरोबर किमान तीन गस्ती झाल्याशिवाय कोणालाही जोडीने पाठवू नका. तीस जणांना एक पगारी समन्वयक, निदान अर्धवेळ, लागतोच. हे काम अधिकाऱ्याच्या माथी वरकड म्हणून मारलं की दोन्ही कामं बिघडतात. प्रत्येक अहवालाची पोच दोन दिवसांत आणि काय झालं याची माहिती महिन्याभरात जायला हवी. तपास चालू असल्याने तपशील सांगता येत नसेल तर तेवढंच सांगा. ‘तुमच्या नोंदीमुळे त्या टप्प्यात गस्त वाढवली’ एवढ्या वाक्यानेही माणूस पुढच्या हंगामात टिकतो.

स्वयंसेवक सोडून गेला किंवा काढावा लागला, तर ओळखपत्र, जाकीट आणि नोंदवही त्याच दिवशी सही घेऊन परत घ्या. जुन्या वह्या टाकून देऊ नका. खटला उभा राहीपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात, आणि तेव्हा साक्षीला बोलावलेल्या माणसाच्या हातात त्याची मूळ वही असावी लागते.